अंगठ्यानं झोपवलेला कॉम्प्युटर

यंत्रांचं मला कौतुक वाटायचं बंद झालं होतं, हे आधीच सांगून टाकते. गारखेड्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायचे. सकाळी गेले की संध्याकाळपर्यंत तेच. माउस असा धरा, फाइल इथं ठेवा, अहो काका, त्या पडद्याला बोट लावून काही होणार नाही. रोज तेच दळण दळणाऱ्या बाईला त्यात कसली आलीय जादू? शिवाय माझा स्वभाव तापट. मशीन अडलं की मी आधी त्याला शिव्या घालते आणि मग वायरी तपासते. तर अशा बाईच्या डोळ्यांत एका काळ्या पडद्याकडं बघून पाणी आलं, आणि आज इतक्या वर्षांनी सांगतानासुद्धा अंगावर काटा येतोय. हसायचं तर हसा.

माझा थोरला भाऊ, माझा दादा, कंपनीच्या कामगारांची मिनीबस चालवायचा. गारखेडा ते शेंद्रा आणि शेंद्रा ते गारखेडा. शहर तेव्हा चारी अंगांनी वाढत चाललं होतं. काल जिथं ज्वारी उभी होती तिथं आज कंपनीचं गेट दिसायचं, आणि गेट आलं की माणसं ने-आण करायला गाडी आलीच. दादाचं बरं चाललं होतं. मग एका दुपारी करमाडकडून रिकामी गाडी घेऊन येताना टायर फुटला आणि गाडी उलटली. दादा वाचला, पण मानेचा मणका गेला. मानेखालचं सगळं अंग जागच्या जागी राहिलं. उजवं मनगट जरासं हलायचं आणि त्या हाताचा अंगठा. अंगठा मात्र पक्का होता, अगदी पूर्वीसारखा. आवाजही बसला होता. छातीत दमच नाही म्हटल्यावर हाक कुठवर जाणार? खोलीच्या दारापर्यंत जायची, जिन्यापर्यंत नाही.

घरात तो आणि वहिनी, दोघंच. मूलबाळ नाही. मी दोन गल्ल्या सोडून सासरी राहायचे, रोज क्लास सुटला की त्यांच्याकडं एक फेरी ठरलेली. वहिनी पाचोडची. कमी बोलणारी, पण बोलली की तुकडा पाडणारी. घरी बसून साड्यांना फॉल-पिको करायची आणि उरलेल्या सगळ्या वेळात दादाचं करायची. त्याला कुशीवर वळवणं, पाठ पुसणं, भरवणं, नाकावर माशी बसली तर ती हाकलणं. हो, माशीसुद्धा. दादाचा सगळ्यात जास्त संताप त्या माशीवर होता.

एकदा मला म्हणाला, "मास्तरीणबाई," मला तो मास्तरीणच म्हणायचा, "मरायचं भ्या गेलं बघ माझं. पण हे मागून मागून जगायचा लई कंटाळा आलाय. पाणी मागा, कूस मागा, खाजवा म्हणून मागा. दिवसाकाठी एक गोष्ट, एकच, मला कुणाला न मागता करता आली पाह्यजे. मग कुठलीबी का असंना."

मी "करू काहीतरी," म्हणाले आणि विषय बदलला. पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

क्लासमधला एक जुना कॉम्प्युटर मालक भंगारात काढणार होता, तो मी मागून आणला आणि दादाच्या पायथ्याशी टेबलावर मांडला. खिडकीला लागूनच. इंटरनेट जोडून दिलं. वाटलं होतं हा सिनेमे बघेल, भजनं ऐकेल. दादा कसला! त्यानं काय शोधून काढायला लावलं, तर रस्ते. गाडीच्या पुढच्या काचेतून काढलेले रस्त्यांचे व्हिडिओ. तासन् तास नुसता रस्ता. कुठल्या कुठल्या देशांतला, बर्फातला, बोगद्यातला, समुद्राच्या कडेचा. तो पडून बघायचा आणि तिथल्या ड्रायव्हरला सूचना द्यायचा. "आरं, वळणावर कामून ओव्हरटेक मारतो? घरी बायको हाय का नाय तुला?" वहिनी फॉल लावता लावता गालात हसायची.

त्याला पावसातले रस्ते सगळ्यात आवडायचे. धो धो पाऊस, वायपर चालू, काचेवरून पाणी नुसतं लोटतंय. आणि खाली गल्लीत प्यायला पाणी नाही!

ती दुष्काळाची वर्षं. नाथसागर धरणाचा तळ उघडा पडला होता. नळाला पाणी कधी येणार ते कुणालाच ठाऊक नसायचं, आणि बोअर तर केव्हाच आटलेले. एकीकडं रोज नवीन बिल्डिंगचा स्लॅब पडतोय, आणि दुसरीकडं जुन्या बिल्डिंगीत बादलीभर पाण्यावरून भांडणं. गल्लीत टँकर यायचा तो बहुतेक तिन्हीसांजेला, पण कधी येईल याचा भरवसा नाही. म्हणून बायका दुपार कलली की पिंपं, घागरी, डबे रांगेत लावून उभ्या राहायच्या. वहिनीही. तिला दुसरा इलाजच नव्हता. दादाच्या अंथरुणाला, कपड्यांना, अंग पुसायला पाणी लागायचंच, इतर घरांपेक्षा जास्तच लागायचं.

आणि तिचं अर्धं लक्ष खाली तर अर्धं वर. घर दुसऱ्या मजल्यावर. मान वर करून खिडकी बघायची, मग पिंप शेजारणीच्या हवाली करून जिना चढून जायची, दादाला बघून धावत खाली यायची. तोवर कुणीतरी पुढं घुसलेलं असायचं. मग भांडण. पुन्हा थोड्या वेळानं तेच. त्या जिन्यानं तिचे गुडघे खाल्ले.

एका संध्याकाळी टँकर आला आणि पाइपवरून जुंपली. मारामारीच व्हायची बाकी. वहिनीला वर जाता आलं नाही. वर काय झालं होतं, तर रस्त्याचा व्हिडिओ संपला होता आणि त्या मेल्या कॉम्प्युटरनं आपल्या मनानं दुसरंच काहीतरी लावलं होतं. भडक रंगाचे दिवे उघडमीट करतायत आणि वर ढणाढणा गाणं. दादाला मान वळवता येत नाही. डोळे मिटले तरी पापण्यांतून उजेड घुसतो. हाका मारून मारून थकला. मी क्लासवरून आले तेव्हा वहिनी नुकतीच वर पोहोचली होती आणि दादा रडत होता. डोळ्यांतलं पाणी कानांत जात होतं आणि ते पुसायलाही हात नव्हता. अपघातानंतर, दवाखान्यातसुद्धा, मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. वहिनी पदरानं त्याचं तोंड पुसत नुसतं "चुकलं माझं, चुकलं माझं" म्हणत होती. तिचं काय चुकलं होतं, डोंबल!

मी जाऊन पडदा बंद केला. एवढंसं बटण. बोटानं दाबलं आणि झालं. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. दादाला हवी असलेली ती एक गोष्ट हीच होती. त्याला कॉम्प्युटर बंद करता आला पाहिजे. न मागता. त्या एका अंगठ्यानं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यामागं लागले. क्लासमध्ये पोरं टायपिंग करत बसायची आणि मी इंटरनेटवर वाचत बसायचे. जगात माझ्यासारखे उपद्व्यापी भरपूर आहेत, हे तेव्हा कळलं. टीव्हीच्या रिमोटनं कॉम्प्युटर झोपवता येतो म्हणे! पेनड्राइव्हएवढी एक डबी मिळते, ती कॉम्प्युटरला खोचायची. रिमोटमधून जो उजेड निघतो तो ती पकडते. मग कॉम्प्युटरला एकदाच शिकवून ठेवायचं, की बाबा, हे बटण दाबलं की झोपायचं आणि पुन्हा दाबलं की उठायचं.

डबी मागवली. रिमोटसाठी पैठण गेटला गेले. दुकानदारानं सगळ्या टीव्हींना चालणारा एक रिमोट पुढं टाकला. "ले जाओ आपा, कोई बी टीव्ही होने दो, सबकू चलता ये."

मी म्हटलं, "टीव्ही नहीं, कंप्यूटर को सुलाना है."

त्यानं मला खालून वर न्याहाळलं. "सुलाना है? बच्चा है क्या वो? थपकी देके सुलाओ!" आणि शेजारच्या दुकानातल्याला ओरडून सांगितलं. दोघंही खो खो हसले. मीही हसले. हसता हसता किंमत कमी करून घेतली, ते सोडलं नाही.

घरी माझ्या कॉम्प्युटरवर सगळं जुळवलं. डबी खोचली, रिमोटची खूण शिकवली, बटण दाबलं. पडदा काळा! पुन्हा दाबलं, थोडा वेळ घेतला आणि उजळला! एकटीच होते, तरी टाळ्या वाजवल्या.

दादाला समजावून सांगायला बसले. झोपवणं आणि बंद करणं यातला फरक मी क्लासमध्ये पाठ केल्यासारखी घडाघडा सांगायचे. बंद केला की सगळं विसरतो. झोपवला की पडदा काळा होतो, आतला पंखा थांबतो, पण जे चाललं होतं ते सगळं तो लक्षात धरून असतो. अगदी किंचित वीज घेत जागचा पडून राहतो.

दादानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे रस्ता जिथं थांबवला तिथंच ऱ्हाणार?"

"तिथंच."

"त्याला समद्याची याद ऱ्हाती? नुसता पडलेला आसला तरी?"

"हो."

त्यानं डोळे त्या कॉम्प्युटरकडं वळवले. मग म्हणाला, "मग झोपवायचाच. बंद नको करायला."

मी इतक्या पोरांना ते शिकवलं होतं आणि मला स्वतःला त्या दिवशी ते पहिल्यांदा कळलं. मी उठून बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

आता रिमोट त्याच्या हातात राहायचा कसा? ते काम वहिनीनं केलं. जुन्या ब्लाउजपीसची पिशवी शिवली, आत रिमोट, त्याचं पुढचं टोक उघडं, आणि वर बरोब्बर एकाच बटणापुरतं भोक. त्या बटणावर शर्टाचं मोठं बटण चिकटवलं, म्हणजे अंगठा बसायला जागा. इलॅस्टिकनं पिशवी दादाच्या तळहातात बांधली. दुसरं कुठलंही बटण चुकून दाबलं जायची सोयच नाही. क्लासला सुट्टी होती त्या दिवशी मी दुपारीच गेले, डबी लांब वायरीनं जोडली, त्याच्या कॉम्प्युटरलाही खूण शिकवली, डबी टेबलाच्या कडेला त्याच्याकडं तोंड करून बसवली आणि उन्हातून आले होते म्हणून तोंड धुवायला गेले. परत आले. दादानं अंगठा दाबला.

काही नाही.

पुन्हा दाबला. ढिम्म.

मग माझं सुरू झालं. डबी काढली, परत लावली. कॉम्प्युटरमधला प्रोग्राम पुसून नव्यानं टाकला. नव्यानं शिकवायला गेले तर तो शिकेना. म्हटलं, माझ्याकडं चालत होतं, इथं मुडदा बशिवला याचा! संध्याकाळ झाली, घरून नवऱ्याचे फोन यायला लागले, तरी मी खाली बसून वायरी उपसतेय. दादा आपला धीर देतोय, "ऱ्हाऊ दे गं मास्तरीण, नसंल व्हत तर." आणि त्याचा तो अंगठा मात्र दाबायचा थांबत नव्हता. ते बघवत नव्हतं.

शेवटी वाटलं, रिमोटच मेला असेल. आमच्या क्लासमधल्या एकानं एक युक्ती सांगितली होती. रिमोटचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिसतो म्हणे. मी मोबाइल दादाच्या हातासमोर धरला. "दाब."

त्यानं दाबलं, आणि मोबाइलच्या पडद्यावर जांभळा ठिपका लुकलुकला.

मोबाइल बाजूला केला की काही नाही. नुसता काळा रिमोट. मोबाइलमधून बघितलं की जांभळा उजेड! मी दादाला दाखवला. वहिनीला दाखवला. आम्ही तिघं आळीपाळीनं बघत होतो. वहिनी तर हात जोडायच्याच बेतात होती.

"आरं तिच्या," दादा म्हणाला, "म्हंजे टीव्ही आला तवापासून हा उजेड घरात व्हता? आन् आपल्याला पत्ताच नाय?"

"हो की."

"अजून काय काय आसंल मग, जे दिसत नाय!"

किती साधी गोष्ट! सगळ्या दुनियेच्या घरात रोज घडणारी. पण दादाच्या अंगठ्यातून निघालेला तो जांभळा ठिपका मी पुन्हा पुन्हा बघत राहिले. ज्या हातातून काहीच बाहेर पडत नव्हतं, त्यातून उजेड निघत होता. तो खोलीभर जात होता. डबीच मेली त्याला ओळख देत नव्हती.

दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर गेले ती डबी परत करायच्या इराद्यानं, तणतणतच. दादा माझी वाट बघत होता. चेहऱ्यावर भलतंच हसू.

"मास्तरीण," म्हणाला, "तुझ्या त्या डबीचं आधी तोंड धू."

"म्हणजे?"

"रात्रीपासून मी तिच्याकडं आन् ती माझ्याकडं बघायलोय. तिला काय दिसंल? डोळ्यात कुकू गेलंय तिच्या."

मी वाकून बघितलं. डबीच्या पुढच्या बाजूला उजेड पकडणारी काळी चकचकीत काच असते, नखाएवढी. त्या काचेवर ओल्या हळदीकुंकवाचा जाडजूड टिळा, आणि त्यात रुतलेली एक अक्षत. वाळून खडखडीत झालेला.

मी वळून वहिनीकडं बघितलं. वहिनीनं जीभ चावली. मी तोंड धुवायला गेले होते तेवढ्यात तिनं पूजा उरकली होती! नवी वस्तू घरात आली, कामाला लागायच्या आधी तिला हळदीकुंकू नको? आणि लावायचं तर तोंडाकडूनच लावायचं, पाठीमागून कोण लावतं? मिक्सर आला तेव्हा लावलं, कूलर आला तेव्हा लावलं, दादाच्या गाडीच्या तर काचेखाली कायमचा टिळा असायचा. यात तिला सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. आणि माझी अक्कल बघा. ते कुंकू मला दिसत नव्हतं असं थोडंच आहे? चांगलं लालभडक दिसत होतं. पण आपल्याकडं कुठल्या वस्तूवर कुंकू नसतं? गॅसवर आहे, कपाटावर आहे, उंबऱ्यावर आहे. डोळा त्यावरून पुढं जातो. मी आख्खा कॉम्प्युटर उसवला आणि तो टिळा काही मनात भरला नाही.

"अहो वहिनी! काल दिवसभर मी इथं मरत होते! एका शब्दानं बोलायचं तरी!"

"मला काय माहीत, वन्सं," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "चांगलं व्हावं म्हणून तर लावलं ना!"

आणि दादा हसायला लागला. त्याला मोठ्यानं हसता यायचं नाही, छातीत दम नव्हता. नुसता वारा निघायचा आणि खांदे थोडे हलायचे. पण तो असा हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग वहिनीला हसू फुटलं. मग मला. तिघंही वेड्यासारखी हसत होतो. अपघातानंतर त्या घरात एवढं हसू पहिल्यांदाच आलं होतं.

वहिनीनं कापसानं डबीचं तोंड पुसलं, आणि बोट कुंकवात बुडवून पाठीमागच्या बाजूला लावलं. "बिनकुकवाची नाय ठेवायची," एवढंच म्हणाली. मी निमूटपणे ऐकलं. खूण पुन्हा शिकवली. या वेळी त्यानं पटकन घेतली.

पडद्यावर एक ओला रस्ता चालू होता. दोन्ही बाजूंना उंच झाडं, समोर धुकं. दादानं एकदा आमच्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं. अंगठा हलला.

रस्ता गेला. पडदा काळा झाला. आतल्या पंख्याची घरघर हळूहळू कमी होत थांबली. ती घरघर इतके दिवस कानांवर पडत होती आणि थांबल्यावर कळलं की ती होती. खोलीत एकदम शांत झालं. खालच्या गल्लीत कुणीतरी बादली घासत होतं, ते ऐकू आलं. आम्ही तिघंही त्या काळ्या काचेकडं बघत राहिलो. बघता बघता माझ्या, मशीनला शिव्या घालणाऱ्या बाईच्या, डोळ्यांत पाणी आलं. कुणाचा हात लागला नव्हता. कुणाला काही मागितलं नव्हतं. पायथ्याशी पडलेलं एवढं धूड त्यानं अंगठ्यानं झोपवलं होतं.

"झोपला," दादा म्हणाला. अगदी हळू, जसं तान्हं पोर उठेल.

मग त्यानं पुन्हा दाबलं. जरा वेळ काहीच झालं नाही. मग पंखा घरघरला, पडदा उजळला, आणि तोच रस्ता, तीच झाडं, तेच धुकं. दादानं सोडला होता तिथंच तो रस्ता त्याची वाट बघत होता. त्याची हनुवटी थरथरत होती. वहिनीनं त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

त्यानंतरचे दिवस दादाचा तो खेळच झाला. आमच्यासमोर झोपवायचा, उठवायचा. आल्यागेल्याला दाखवायचा. "कुणाला सांगायची गरज नाय," म्हणायचा, "माझा मी." वहिनीला वाटलं होतं आता तिचे जिन्यातले हेलपाटे थांबतील. पण तसं काही झालं नाही. तिची मान वर जायची ती जायचीच. मी म्हटलं, "अहो, आता तो स्वतः बंद करतो ना, मग कशाला घोर करता?" तर म्हणाली, "व्हय, बंद करतेत. पण वर ठीक हायेत का नाय, ते मला खाली कसं कळावं?" माझी डबी तेवढंच काम करत होती, त्याच्यापुढचं नाही.

मग ती संध्याकाळ. मी क्लासवरून थेट रांगेतच गेले, वहिनीला सोबत म्हणून. टँकर येतोय येतोय अशी आवई उठली होती. दिवस बुडाला होता, घराघरांतून दिवे लागत होते. दादाच्या खोलीत संध्याकाळी ट्यूब लावत नसत. उताणं पडल्यावर ती थेट डोळ्यांवर येते. त्यामुळं खिडकीत फक्त पडद्याचा निळसर उजेड. वहिनी बोलता बोलता वर बघत होती, आणि बघता बघता खिडकी काळी झाली.

"लाईट गेली?" ती म्हणाली. पण शेजारपाजारच्या खिडक्या उजळलेल्या होत्या.

"त्यानं झोपवला असेल," मी म्हटलं.

"आत्ता? ह्या वक्ताला ते कधीच बंद करत नसतेत." तिच्या हातातली घागर खाली टेकली. ती जिन्याकडं निघालीच होती. मी दंड धरला.

तेवढ्यात खिडकी उजळली.

आम्ही दोघी वर बघत उभ्या. पुन्हा काळी झाली. जरा वेळ तशीच. मग पुन्हा उजळली आणि तशीच राहिली.

"बिघडला का काय?" मी म्हटलं. माझं डोकं तारा-वायरींतच. "वर जाऊन बघते."

वहिनीचा हात तोंडावर गेला होता. मला वाटलं घाबरली. बघते तर बाई चक्क लाजत होती. नव्या नवरीसारखी लाजत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बिघडला नाय, वन्सं," म्हणाली. "डिपर मारायलेत."

"काय?"

"पाळीचे कामगार सोडून घरी यायचे ना, तवा गल्लीच्या कोपऱ्यावरून गाडीचा डिपर मारायचे. दोनदा. लाईट बंद-चालू, बंद-चालू. म्हंजे मी आलो, चहा टाक. मी खिडकीतच बसलेली ऱ्हायची." ती हसली. "तुम्हाला कुणालाच ठाव नव्हतं ते. आमचं दोघांचंच व्हतं."

मी वर बघितलं. त्या खिडकीतून तो हलू शकत नव्हता, ओरडू शकत नव्हता, आणि आख्ख्या गल्लीच्या डोक्यावरून बायकोला हाक मारत होता. मी त्याला एक बटण दिलं होतं, झोपवायचं. त्यातून त्यानं हे काढलं होतं.

तेवढ्यात हॉर्न वाजला. टँकर गल्लीत शिरला आणि एकच गलका उडाला. घागरी आदळल्या, पोरं धावली, कुणीतरी पाइप ओढला. आमचा नंबर पहिल्या काहींतच होता. वहिनीनं डोळे पुसले, पदर खोचला, पाइपाचं टोक माझ्या हातात दिलं आणि वळली. पळाली नाही. सावकाश, एकेक पाऊल टाकत जिन्याकडं निघाली.

मागची बाई ओरडली, "अवं, टँकर आला आन् तुम्ही कुठं निघाल्या?"

वहिनी वळलीसुद्धा नाही. "चहा टाकायला," म्हणाली. "आमचे हे घरी आलेत."